मंदाच्या बोटांवरचं सोनं

लोणी कढत आलं की आधी त्याचा आवाज बदलतो आणि मग वास. तडतड मंदावते, बेरी तळाशी बसते, मी वरून विड्याचं पान सोडते आणि गंगाखेडच्या या घरात ओसरीपासून परसापर्यंत एक उबदार, खमंग दरवळ पसरतो. चिन्मय, गौरी, तुमच्या त्या दूरच्या थंड शहरात हा वास तुम्हाला कुठून ठाऊक असणार? लोकांना तो समृद्धीचा वाटतो. मला मात्र तो आला की एक मुलगी आठवते, जिच्या भातावर अखेरची दोन वर्षं तुपाचा थेंब पडला नाही.

ती तुमची आत्या, मंदा. माझं शेंडेफळ, तुमच्या बाबांची धाकटी बहीण. पाच-सहा वर्षांची असताना तिच्या बोटांच्या सांध्यांवर, कोपरांवर, टाचांच्या मागे पिवळसर गाठी दिसू लागल्या. दुखत नसत, खुपत नसत. माझ्या सासूबाई, ज्या माझ्या सख्ख्या आत्याही होत्या, शेजारणींना तिचा हात कौतुकानं दाखवीत. "बघा की, देवानंच सोनं घालून पाठवलंय पोरीला!" आणि मंदा लगेच म्हणे, "मग चल की आजी सोनाराकडं, दोन गाठी मोडून तुला बुगडी करू!" सगळं घर हसे. अज्ञानाचं हसू किती निर्मळ असतं, आणि किती महाग पडतं!

पुढे तिला धाप लागू लागली. रक्तात चरबी फार आहे, एवढंच डॉक्टरांना सांगता आलं. त्या दिवशी घरातलं सोनं एका क्षणात पाप झालं. "तूच तूप ओतून ओतून लेकराचं वाटोळं केलंस गं," आत्याबाई मला म्हणाल्या आणि तुपाची बरणी त्यांच्या कपाटात कुलुपाआड गेली. मंदा कोरडी भाकरी मुकाट्यानं चावायची. लोणी कढवायचा दिवस आला की मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. "आई, वास तरी घेऊ दे. वासानं काय होतंय?" एका सकाळी गोदावरीवरून परतताना घाटाच्या पायऱ्यांवर ती छाती धरून बसली, ती उठली नाही. अकरावं वर्षही सरलं नव्हतं.

ते नामांतराचे दिवस होते. एका विद्यापीठाला कोणतं नाव द्यावं, या वादात आमच्या मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळत होत्या. तेराव्याला जमलेली आमची माणसं ओसरीवर सुपारी कातरत कुळाच्या शुद्धतेच्या गोष्टी बोलत होती. त्याच ओसरीवर पूर्वी माझं लग्न ठरलं होतं. हैदराबादच्या कॉलेजात इंग्रजी शिकणाऱ्या मला कुणी विचारलं नव्हतं. आत्याबाई माझ्या वडिलांना एवढंच म्हणाल्या होत्या, "दादा, भावाच्या लेकीवर माझ्या लेकाचा पहिला हक्क. आपलं रक्त आपल्यातच राहू द्या. परक्याच्या घरचं कसलं असतंय, कोण बघायला गेलंय!" आणि आपल्या घरचं कसलं आहे, ते तरी कुणी पाहिलं होतं?

पुष्कळ वर्षांनी एका इंग्रजी मासिकात मी मंदाचा हात पाहिला. म्हणजे कुणा परदेशी मुलाचा. पण गाठी त्याच, रंग तोच. खालचा मजकूर मी शब्दकोश घेऊन पुन्हा पुन्हा वाचला. कोलेस्टेरॉल हे विष नव्हे, बाळांनो. प्रत्येक पेशीला आपली भिंत बांधायला ते लागतं. रक्तातून त्याच्या मोळ्या वाहत असतात, आणि पेशीच्या अंगावर त्या उचलणारे हमाल उभे असतात. हमाल मोळी धरतो, तिच्यासकट आत बुडी मारतो, ओझं टाकतो आणि रिकामा होऊन पुन्हा दारात येतो. साखर कारखान्याच्या फाटकात असंच चालतं ना? पण हमालच नसतील तर? गाड्या रस्त्यावर तुंबतात, ऊस जागीच वाळतो. तशा त्या मोळ्या मंदाच्या सांध्यांवर, हृदयाच्या नळ्यांत थिजत गेल्या. आणि आतली उपाशी पेशी, बाहेर रास पडलेली असताना, स्वतःच आणखी कोलेस्टेरॉल बनवत राहिली! आई आणि बाप दोघांकडूनही हमाल घडवण्याची बिघडलेली कृतीच आली, तर असं होतं. ती बिघडलेली कृती माझ्या वडिलांकडे होती, तशीच त्यांच्या बहिणीकडेही. आम्ही नवराबायको एकाच विहिरीचं पाणी प्यायलेले. आमच्या दोघांच्याही वाट्याला एक कृती बिघडलेली आली, एक धड; त्या निम्म्या हमालांवर तुमचे आजोबा पन्नाशीपर्यंत जगले, मी अजून आहे. मंदाच्या वाट्याला एकही आला नाही. तूप बिचारं त्यात नावापुरतं होतं. लेकराचा घास मात्र गेला.

गेल्या दिवाळीत तुमचे बाबा एकटेच आले. त्यांच्या बुबुळांभोवती फिकट कडं आलं आहे; तीही त्याच चरबीची खूण असू शकते. रक्त तपासून घे म्हटलं तर म्हणाले, "आई, ते जुनं आता उकरू नकोस. आम्ही तिकडं तूप खातच नाही." एवढा शिकलेला माणूस, पण बोलला आत्याबाईंच्याच तोंडानं! आता असं औषध निघालं आहे की ते पेशीची स्वतःची भट्टी मंद करतं, मग तीच गरजेपोटी दारात जास्त हमाल उभे करते. मंदाला त्याचा उपयोग झाला नसता; निम्मे असतील त्यांना होतो. म्हणून तुमच्या बाबांना ओलांडून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही दोघं रक्त तपासून घ्या, आणि त्यांना हाताला धरून न्या.

तूप आता निवळलं आहे. दिवाळीतल्या एका दुपारी असंच ताजं तूप मी तुमच्या बाबांच्या भातावर वाढायला गेले, तर नको म्हणत त्यांनी ताटावर हात आडवा धरला. मधल्या बोटाच्या सांध्यावर एक पिवळी गाठ होती, डाळीच्या दाण्याएवढी. बाबा हसत होते. माझ्या पळीतलं तूप थिजेपर्यंत मी त्या हाताकडे बघत राहिले.