लाम्पोनचं दुसरं बाळंतपण

थोरिकोसच्या बंदरावर बहुतेक सगळी माणसं लीसिला सुईणीच्याच हातून जगात आलेली. कोळ्यांची पोरं असोत की चांदीच्या खाणीतल्या गुलामांची, पाठीवर पहिली चापट तिची. तिला स्वतःला मूल नव्हतं. कुणी त्यावरून टोमणा मारला तर म्हणायची, "मला एकही पोर नाही, पण तुम्हा सगळ्यांची बोंब मीच पहिली ऐकलीय." अशा या बाईच्या हातून एक बाळंतपण असं झालं, की त्याचं नाव तिच्यापुढे कुणी काढत नसे.

लाम्पोन नावाचा मासेमार तिच्याच हातून जन्मलेला. ऐन तिशीत त्याची होडी वादळात गेली. प्रेत सापडलं नाही. घरच्यांनी रिकाम्याच तिरडीपुढे रडून घेतलं, त्याच्या बायकोने, म्नेसोने, केस कापले, वेशीबाहेर दगड उभा करून त्यावर तेल-दारू ओतली. मेलेल्याचं करायचं ते सगळं रीतसर झालं. पुढे काही वर्षांनी म्नेसोने जाळी विणणाऱ्या एर्गोक्लेसशी घर मांडलं. त्यांना मुलगी झाली, तीही लीसिलाच्याच हातावर.

ती मुलगी अंगावर पीत असतानाच फुलांचा सण आला. त्याचा तिसरा दिवस भुतांचा. त्या दिवशी मेलेली माणसं गावात फिरतात, म्हणून सकाळीच घरोघर दाराला डांबर फासतात आणि काटेरी झुडपाची कडू पानं चघळत बसतात. लीसिला आपल्या उंबऱ्यावर डांबर लावत होती, तेव्हा गल्लीतून लाम्पोन चालत आला. दाढी वाढलेली, पायात काही नाही. तो म्नेसोच्या दारापाशी थांबला. डांबर पाहून त्याने हात मागे घेतला आणि तिथेच उभा राहिला.

त्या दिवशी मेलेला माणूस दिसणं यात नवल नव्हतं. लोक त्याच्याकडे न बघता बाजूने गेले. कुणी वाडग्यात उकडलेलं धान्य आणून लांब ठेवलं, ते त्याने बसून खाल्लं. दुपार कलली. ऊन डोंगरावर असतानाच रिवाजाप्रमाणे सगळे दारात येऊन ओरडले, "निघा भुतांनो, सण संपला."

लाम्पोन निघाला नाही.

"अगं म्नेसो," तो दाराकडे तोंड करून म्हणाला, "किती वेळ बाहेर ठेवणार?"

 आत मूल रडत होतं.

तो जिवंत आहे हे लोकांच्या गळी उतरलं ते दुसऱ्या दिवशी, आणि त्यामुळे भीती कमी झाली नाही, वाढली. चाच्यांनी धरून विकलं होतं, पळून आलो, असं तो सांगे. पण ज्याचे अंत्यसंस्कार झालेत त्याला पाताळाने एकदा हिशेबात घेतलेलं असतं. त्याला देवळात पाऊल टाकता येत नाही. तो ज्या विहिरीचं पाणी प्याला तिच्यावर बायका जाईनात. शेवटी गावातली थोरली माणसं पुजाऱ्याला घेऊन लीसिलाकडे आली.

"डेल्फीच्या देवाने कौल देताना असल्यांना एकच उपाय सांगितलाय," पुजारी म्हणाला. "त्याला पुन्हा जन्माला घाला. न्हाऊ घाला, बाळुत्यात गुंडाळा, दूध पाजा."

"दूध कुणाचं?" लीसिलाने विचारलं.

सगळ्यांनी म्नेसोच्या घराकडे पाहिलं. त्या हंगामात गावात अंगावर पाजणारी बाई एकच होती.

लीसिला म्नेसोकडे गेली. एर्गोक्लेस कोपऱ्यात जाळं घेऊन बसला होता, पण हात चालत नव्हते.

"पाजलंस की तू त्याची आई," लीसिला म्हणाली. "मग नवरा-बायको हे नातं उरत नाही. नीट विचार कर, पोरी."

म्नेसोने मुलीच्या टाळूवर हात ठेवला. "आणि नाही पाजलं तर?"

"तर तो दारातच उभा राहील."

"आणा त्याला," म्नेसो म्हणाली.

दुपारी उन्हात, लीसिलाच्या अंगणात, पुरुषांना बाहेर काढून ते झालं. लाम्पोन सुरुवातीला हसत होता. "म्हातारे, माझं नाक धर, नाहीतर पाणी जाईल," म्हणाला. लीसिलाने त्याला न्हाऊ घातलं, पायापासून मानेपर्यंत पट्ट्यांनी आवळलं, आणि सवयीने पाठीवर चापट मारली. त्यासरशी त्याने टाहो फोडला. लीसिलाने जन्मभर ऐकलेला तो आवाज होता. नुकत्याच जन्मलेल्या पोराचा, बारीक, दम लागलेला. तो त्या दाढीवाल्या तोंडातून येत होता आणि थांबत नव्हता. म्नेसोने त्याला छातीशी घेतलं, तेव्हाच थांबला. डोळे मिटून तो गाढ झोपला.

नंतर चौघांनी त्याला उचलून चुलीभोवती फिरवलं, बारसं केलं, थिओदोतोस, म्हणजे देवाने दिलेला, असं नाव ठेवलं. शुद्ध झाला म्हणून गावाने सुटकेचा निःश्वास टाकला.

पण लीसिलाला सुटका वाटली नाही. जागा झाल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं, ते ओळख नसलेल्या डोळ्यांनी. होडी, वादळ, चाचे, काही काही आठवत नव्हतं. जाळ्याची गाठ त्याला नव्याने शिकवावी लागली; एर्गोक्लेसने शिकवली. म्नेसोला तो आई म्हणे, आणि त्यात नाटक नव्हतं. तिच्या मुलीने मात्र ज्या बाजूला तो प्याला होता ती बाजू पुन्हा तोंडात घेतली नाही.

एकदा वेशीबाहेर चालताना लीसिलाने त्याला तो दगड दाखवला. "हा कोण, ठाऊक आहे?"

"लाम्पोन," तो म्हणाला. "बुडाला बिचारा. आई अजून रडते कधी कधी त्याच्यासाठी."

लीसिला घरी आली आणि आजारी पडली. बरी झाल्यावर पुन्हा कामाला लागली, कारण पोरं काही कुणासाठी थांबत नाहीत. पण मूल बाहेर आलं की ती आता आधी त्याच्या डोळ्यांत बघत राही, इतका वेळ की बाळंतीण घाबरून विचारी, "काय बघताय, आजी?"

"काही नाही," ती म्हणे. "नवीन आहे का, ते बघते."