भंडारा गाडीत बसून घेत नाहीत

यल्लम्मा आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. मला पडायचा तो एवढाच, की ती आहे, तर सर्विस सेंटरच्या मॅनेजरला सुबुद्धी का देत नाही? आमच्या गाडीच्या वायरिंगमध्ये खोट आहे, हे कंपनीनं आपणहून मोबाईलवर कळवलं होतं. डॅशबोर्डमागची वायर तापून शॉर्ट होऊ शकते, गाडी आणा, फुकट दुरुस्त करू. येळ्ळूरहून बेळगावला गाडी घेऊन गेलं की तिथं ठरलेलं उत्तर, पार्ट आला नाही. मग गाडी चालवायची का, विचारलं तर मॅनेजर हसून म्हणाला, "चालवा की मॅडम, काय होत न्हाय. एक लिंबू-मिरची बांधा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यातच माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा, सौंदत्तीच्या डोंगरावरच्या यल्लम्माचा नवस राहिला होता. गुडघ्यांमुळं त्यांना एसटीची पायरी चढवत नाही. मी गाडी न्यायला साफ नकार दिला. आमचे हे म्हणाले, "मॅनेजरच चालवा म्हणतोय न्हवं? तू कशाला भितीस?" शेवटी आत्याबाईंच्या तोंडाकडं बघून मी बसले, पण वाटभर कुणाशी बोलले नाही. देवीवरही रुसले होते.

यरगट्टीच्या अलीकडं रस्त्याकडेला एक म्हातारी जोगतीण उभी होती, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली. आडवा आलेला जग ओलांडून जायची आमच्याकडं रीत नाही. ह्यांनी गाडी बंद केली आणि काचेतूनच दक्षिणा पुढं धरली. तिनं ती घेतली नाही. "गाडीत बसून भंडारा घेत न्हाईत, आप्पा. खाली उतरा." आम्ही दोघं उतरलो. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना बसू दे, असं मी जरा तोडूनच सांगितलं. जोगतिणीनं मागच्या काचेत वाकून पाहिलं. "तुम्हीबी उतरा, आक्का. आई दारात आलीया." आणि सकाळपासून कण्हणाऱ्या आत्याबाई माझा खांदा धरून उतरल्या.

कपाळाला भंडारा लागतो न लागतो तोच जळका वास आला. डॅशबोर्डमधून धूर निघाला आणि चारही दारांची लॉकं आपोआप खटकन बसली. ह्यांनी सगळी दारं ओढून पाहिली, एकही उघडेना. आमच्या डोळ्यांदेखत आत्याबाईंची बसायची जागा काळ्या धुरानं भरून गेली. येणारेजाणारे थांबले, दगडानं काच फोडली, माती टाकली, तरी पुढचा भाग जळालाच. आत्याबाई रस्त्याकडेला बसून "उदं गं आई" म्हणत रडत होत्या, आणि त्यांचा हात घट्ट धरून मीही रडत होते. या गडबडीत जोगतीण कधी पुढं निघून गेली, कळलं नाही. नाव विचारायचंही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी सर्विस सेंटरला गेले. सगळं ऐकून मॅनेजरनं हात जोडले. "देवीनंच वाचवलं बघा, मॅडम."

एवढी चीड मला आयुष्यात आली नव्हती. त्याच्या तोंडी आईचं नाव मला सहन होईना. मी म्हटलं, "तिनं तिचं काम केलं. तुमचंही तिनंच करायचं का? बाकीच्या गाड्यांपुढं ती कुठंकुठं उभी राहणार?" माझी गाडी तर गेली होती. पण याच खोटीच्या गाड्या अजून रस्त्यावर होत्या, कुणाकुणाच्या आत्याबाई त्यांत मागं बसत होत्या. मी तिथंच खुर्ची ओढून बसले. 'गाडी चालवू नका, आम्ही येऊन नेतो,' असा फोन प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्यासमोर जाईपर्यंत उठले नाही. आधी सगळे हसले, मग फोन लावू लागले.

लोक म्हणतात, सगळं तिच्यावर सोपवावं. मी सोपवलं आहे. त्या उन्हात तिनं म्हातारीच्या रूपानं आम्हाला खाली उतरवलं, हे ऋण मी फेडू शकत नाही, फेडायचंही नाही. देवघरात उभी राहिले की अजून डोळे भरतात. आईच्या पायांवर डोकं मी रोज ठेवते. सर्विस सेंटरच्या काउंटरवर मात्र ते ठेवणार नाही.