नामदेवचा गुडघा

परवा सून माझ्या गुडघ्याला निलगिरीचं तेल चोळत होती. तो वास आला आणि मी एकदम म्हणालो, "राहू दे, पुसून टाक."

नागपुरात तेव्हा माझी टॉकीज होती आणि हौसेनं पाळलेला कबड्डीचा संघ. 'पाळलेला' हाच तेव्हाचा माझा शब्द. सावनेरचा नामदेव त्या संघाचा कप्तान. एका मोठ्या सामन्याआधी आठवडाभर मी दर खेळाच्या मध्यंतरात पडद्यावर त्याच्या फोटोची स्लाइड दाखवली होती. लोक त्यालाच बघायला आले होते.

मैदानाच्या कडेला तो सुजलेल्या गुडघ्यावर हेच तेल चोळत बसला होता. मला म्हणाला, "पाय टेकून नाही राह्यला, भाऊ. आज मले बसू द्या."

"काहून? आठवडाभर तुले पडद्यावर दाखवलं. आता पब्लिकले काय सांगू?"

तो उठून मैदानात उतरला. तिसऱ्या चढाईत कोसळला. गुडघ्याचा आवाज माझ्या खुर्चीपर्यंत आला. नामदेव त्यानंतर कधीच खेळला नाही.

त्याला उचलून नेताना मी जवळ गेलो, तर त्यानंच हात जोडले. "माफ करजा भाऊ, तुमचा खेळ खराब केला."

आणि मी, सगळ्यांच्या देखत, मोठ्या मनानं त्याला माफ केलं.