सव्वीस तारखेपासूनचे दिवस

नागपूरच्या एका कंपनीच्या साहेबाने मला फसवलं, आणि माझ्या कोडच्या आडून अहेरीकडच्या एका वनमजुराला फसवलं. माझं जे झालं ते झालं. त्या माणसाचं काम गेलं.

मी पोंभुर्ण्याचा. आठवडी बाजारात बापाशेजारी बसून वांगी विकली, घासाघीस तिथेच शिकलो. सी भाषा शिकलो ती चंद्रपुरात, दुरुस्तीला आलेल्या संगणकांवर. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे कोणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही.

जंगलात गस्त घालणाऱ्या मजुरांकडे हातात मावेल असं एक यंत्र असतं. माणूस कुठे, किती वाजता पोचला ते त्यात नोंदलं जातं. महिन्याची एक फाइल. ती वाचून वन कार्यालयाच्या पडद्यावर हजेरी दाखवायची, एवढ्या कामाची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा कोड, कंपनीला हवी होती. मी सहा आठवडे मागितले. चार लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांसाठी, दोन विंडोजवाल्यांसाठी. सीमधला कोड दोन्हीकडे चालतो, पण सारखा चालतोच असं नाही. तो सारखा चालावा म्हणूनच ते दोन आठवडे.

साहेब म्हणाला, "अरे भाऊ, विंडोज कोनाले पायजे? सब जागी लिनक्सच देऊन राह्यलो. चार हप्त्यात निपटव."

"लिहून द्या."

"काऊन? माह्यावर शक आहे?"

"सगळ्यांवरच असतो. तुम्हाला वेगळं काढत नाही."

त्याने ईमेल केला. विंडोजची तपासणी मी सोडली. त्याच्या बदल्यात कोडच्या माथ्यावर माझं नाव आणि चंद्रपूरचा पत्ता राहील, हे कबूल करून घेतलं. सौदा माझ्या बाजूने झाला असं मला वाटलं होतं.

पाच-सहा महिन्यांनी तो मजूर दारात उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, सकाळपासून दोन बस बदलून आलेला. पायातल्या चपला बाहेर काढून तो उंबऱ्यापाशीच थांबला.

"तुमीच का जी मशीनवाले? कंपनीच्या मानसानं सांगतलं, मशीनचा मालक चंद्रपुरात रायते, त्याले विचार."

दर महिन्याच्या पंचविसानंतर तो जंगलात गेलाच नाही, असं पडदा सांगत होता. त्या कार्यालयातल्या चारही मजुरांचं तेच. तिघांनी खाली मान घालून बोलणी खाल्ली. हा उलटून बोलला, म्हणून ह्याला कामावरून बंद केलं.

मी थकलेलो होतो, आणि चिडलेलोही. म्हणालो, "मशीन खोटं बोलत नाही भाऊ. तुम्हीच गेला नसाल."

तो रागावला नाही. "वाटेवरच्या देवाले डहाळी ठेवल्याबगर आमी आत शिरत नाई. रोज ठेवतो. त्याच्यासमोर खोटं कसा बोलू? तुमच्यासमोर बोललो असतो एकडाव."

यंत्र अजून त्याच्याकडेच होतं. त्याला खोटं पाडायला म्हणून मी फाइल माझ्या लिनक्सवर उघडली. तीसच्या तीस दिवस हजर.

"कार्यालयातल्या संगणकावर चार खान्यांची खिडकी दिसते का?"

"दिसते ना जी. निळी."

मग कळलं. कंपनीने मला न विचारता माझा कोड जुन्या विंडोज मशीनवर चढवला होता. कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने हूं की चूं केलं नव्हतं. कोडच्या माथ्यावरचं ते नाव मी हट्टाने ठेवलं नसतं, तर हा माणूस माझ्या दारापर्यंत पोचलाही नसता.

दोष एका अक्षराचा होता. सीमध्ये फाइल उघडताना 'बी' लावला, तर ती आहे तशी वाचली जाते. नाही लावला, तर विंडोज तिला साधा मजकूर समजतं, आणि मजकुरात सव्वीस या मूल्याचा बाइट, म्हणजे एका आकड्याएवढी नोंद, आला की फाइल संपली असं धरतं. ही फार जुनी रीत आहे. लिनक्सवर त्या 'बी'ने काहीच फरक पडत नाही, म्हणून मी तो लावला नव्हता. आणि यंत्र प्रत्येक नोंदीची तारीख एका बाइटात ठेवत होतं. सव्वीस तारीख आली की महिना संपत होता. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तपासणी केली असती तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

साहेबाला फोन केला.

"पंचविसानंतर ही मानसं मोहफुलं वेचाले पळतात. सबले मालूम आहे."

"मोह काय बाराही महिने पडतो?"

तो हसला. "एका अक्षराची बात आहे ना? नवा कोड पाठव, मामला खतम."

मी पाठवला. पुढच्या महिन्यापासून फाइल शेवटपर्यंत वाचली जाऊ लागली. कार्यालयाने त्याचा अर्थ काय लावला? दम दिल्यावर मजूर सुधारले. एकाला काढलं, तिघे वठणीवर आले. मी स्वतः कार्यालयात गेलो, लिनक्स आणि विंडोज, दोन्ही पडदे दाखवतो म्हणालो. कंपनीमार्फत लिहा, असं उत्तर मिळालं. कंपनी लिहीत नाही. लिहिलं तर कंत्राट जाईल, असं साहेब एकदा बोलून गेला.

चार माणसं एकाच तारखेपासून गैरहजर, तीही दर महिन्याला. हे पाहून यंत्राचा संशय कोणालाच आला नाही, कारण त्या माणसांबद्दल सगळ्यांनी आधीच ठरवलेलं होतं. मीही ठरवलं होतं, माझ्याच उंबऱ्यावर. ते मी त्याच्यासमोर कबूल केलं. तो म्हणाला, "तुमी सांगतलं, बरं झालं. पन तुमच्या सांगन्यानं मले कोनी घेत नाई."

म्हणून साहेब, ऐका. माझी चूक मी सांगून मोकळा झालो. आता तुमची. कोड बदलला आहे, माणसं नाही, एवढं एक वाक्य तुम्ही त्या कार्यालयाला अजून का कळवलं नाही? मला उत्तर नको. तिथे जा, त्या माणसाला समोर बसवा आणि त्याला उत्तर द्या.