दीड दिवसाचा डोंगर

या वयात मी जेवणाच्या टेबलावर खेळण्यातल्या रेल्वेचं गाव मांडलंय. चवथीला, म्हणजे गणपतीत, भावाची मुलं पाच दिवस येणार, आणि गाडी डोंगरातल्या बोगद्यातून धावेल अशी बढाई मी फोनवर मारून बसलोय. डोंगर सांगितला मुळगावच्या एका मूर्तिकाराला.

चार खेपा घातल्या. दर खेपेला तो माझं इंजिन हातात घ्यायचा, बोटांनी मोजायचा, चाकांत फुंकर मारायचा आणि पुन्हा गणपतीच्या सोंडेकडे वळायचा.

"आज तरी?"

"जातलो हां, भाऊ." होईल म्हणे.

पाचव्या खेपेला डोंगर मिळाला. बोगदा इतका सुरेख की मी हरखलो. हात पुसत त्याने विचारलं, "दीड दिसाचो काय पांच दिसांचो?"

"अहो, डोंगर आहे हा! कायमचा!"

"मगे आदीं सांगूंक नाका? म्हजी माती पाण्यांत वचपाची, घरांत रावपाची न्हय."

त्याची माती म्हणे पाण्यात जायची, घरात राहायची नाही! घरी येऊन मी चिडून हे सगळं बायकोला सांगितलं. ती हसली नाही. महिनाभर आम्ही जमिनीवर जेवतोय.

"बरोबरच विचारलं त्यांनी," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "दीड की पाच?"

मी हळूच म्हणालो, "पाच."