थेंबसुद्धा वाया नाही

आमच्या ह्यांनी तीस वर्षं घरोघरी दुधाचा रतीब घातला, पण दुधात पाण्याचा थेंब घातला नाही. मी भाजीवालीशी एका मिरचीवरून वाद घालते. सरळपणाचा मक्ता ह्यांनीच घेतलाय.

धाकट्या वन्संची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा मला न विचारताच हे म्हणाले, "माझं एक देतो." आधी ह्यांचं मूत्रपिंड धड आहे का ते बघायचं होतं. लॅबमधल्या मुलीनं एक कॅन आणि एक प्लास्टिकचा मग दिला. "सकाळी सातची पहिली लघवी टाकून द्या. मग दुसऱ्या दिवशी सातपर्यंतची सगळी ह्यात. एक वेळ जरी सुटली, तरी मूत्रपिंड आहे त्याहून कमजोर दिसेल."

त्या दिवशी रतिबाला माझा भाऊ गेला. हे घरात. दर खेपेला मग उजेडात धरून बघायचे, मगच कॅनमध्ये ओतायचे, जन्माची खोड! कॅन फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी. मी त्याला लाल चिंधी बांधली. न जाणो, कुणी चहा करायला घ्यायचं.

दुपारी ह्यांचा खुर्चीतच डोळा लागला. अर्धवट झोपेत उठले, बाथरूमला जाऊन आले, पुन्हा कलंडले. प्लास्टिकचा मग खिडकीत कोरडाच होता. ह्यांना पत्ताही नव्हता.

मला होता. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले. नुसतं गप्प राहायचं, की मूत्रपिंड कमजोर ठरणार आणि माझा माणूस धडधाकट माझ्यापाशी राहणार. वन्संचं वाईट मी कधी चिंतलं नाही. पण त्या दुपारी मी फक्त माझं बघत होते, हे कबूल करते.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. आवाज अगदी खोल गेलेला. "दादा, जमतंय ना रे?"

"न जमायला काय झालं? थेंबसुद्धा वाया नाही!" गिऱ्हाइकाला सांगावं तशा तोऱ्यात हे म्हणाले.

ते मला ऐकवेना. फोन ठेवल्यावर म्हटलं, "दुपारची एक वेळ सुटली. तुम्ही झोपेत होता. मी बघितलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"भीती वाटते हो मला."

हे माझ्याजवळ येऊन बसले. "मलाही वाटते," म्हणाले. "पण तिला शब्द दिलाय." मग कॅन रिकामा केला, चपला घातल्या आणि नवा आणायला लॅबकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सातपासून तो मग माझ्याच ताब्यात होता. दुपारी खुर्ची करकरली, तशी मी बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिले.

"अगं, आत तरी येऊ नकोस!"

"नाही येत. पण आधी हा मग धरा, मग दार लावा."