शिंगवाल्या राजपुत्राची सासू

मी प्रेमकथा वाचते. त्यातला नायक शापित असतो, राजपुत्र असतो, शक्यतो चारशे वर्षांचा असतो आणि त्याला पंख, शिंगं किंवा शेपूट यांपैकी काहीतरी असतं. माझं वय एकेचाळीस. सात रस्ता चौकात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी करते. वाचनात लपवण्यासारखं काहीच नाही, म्हणून मी या पुस्तकांना जुन्या कॅलेंडरची कव्हरं घालते. ऑफिसात सगळ्यांची समजूत आहे की मी कसल्याशा परीक्षेचा अभ्यास करते. दरवर्षी कुणीतरी विचारतं, झालात का पास? मी सांगते, थोडक्यात गेली.

शुक्रवार पेठेत आमच्या घरी आम्ही तिघं. नवरा, मी आणि सासूबाई. दर रविवारी दुपारी आम्ही दोघी कडक भाकरी करतो. सासूबाई ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापतात, मी ती भाजून कडेला उभी करून वाळवते. डब्यात भरली की महिनाभर टिकते. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी माझ्या एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हातात पुस्तक होतं. ओळीनं दोन भाकरी करपल्या.

"काय एवढं हाय गं त्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"गोष्ट आहे, आत्या." आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

"मग सांग की. माझे हात गुतलेत, कान रिकामेच हायत."

तेव्हापासून मी आठवडाभर इंग्रजीत वाचते आणि रविवारी मराठीत सांगते. श्रोता म्हणून सासूबाई अवघड आहेत. नायकाला शिंगं आहेत म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, मेंढ्यागत वळल्याली का शेळीगत सरळ? मला पुस्तक उघडून बघावं लागलं. वळलेली होती. "मग बरं," त्या म्हणाल्या. "फेटा बांधता येतोय." चारशे वर्षं त्याचं लग्न झालं नव्हतं, हे मात्र त्यांना पटलं नाही. घराण्यात काहीतरी खोट असणार, असं त्यांचं मत पडलं.

या पुस्तकांत अशी बरीच पानं असतात जी सासूसमोर सांगता येत नाहीत. तिथं आलं की मी म्हणते, "मग त्यांनी दिवा मालवला."

"दुपारीच?"

"राजवाड्यात अंधार असतो, आत्या."

"असंल," त्या म्हणाल्या. "पण ह्यांच्यात दिवं लई मालवत्यात."

आता माझ्या नणंदेबद्दल सांगते. सहा वर्षांपूर्वी तिनं शहराच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकर घरातल्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. घरी सांगितलं ते लग्न झाल्यावर. सासूबाईंनी आरडाओरडा केला नाही. "तिनं इचारलं न्हाय, मी जाणार न्हाय," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या नाहीत. तिचा फोटो भिंतीवर होता तो तसाच राहिला. रोज पुसलाही जायचा. फक्त नाव निघायचं नाही. रिक्षानं वीस मिनिटांचं अंतर. आमच्या कुटुंबात जिद्द खूप आहे, तिचा उपयोग आजवर कुणाला झालेला नाही.

नवरा आणि मी महिन्यातून एकदा तिला सात रस्त्यावर रसाच्या दुकानात भेटायचो. गेल्या वर्षी एका शनिवारी ती रस न पिता नुसता ग्लास धरून बसली. मग म्हणाली, तिसरा महिना आहे. मी पहिलं विचारलं, आईला सांगू? तिसऱ्या महिन्यात आई गुपचूप येऊन मुलीची ओटी भरते. चोरओटी म्हणतात तिला, गाजावाजा करायचा नसतो.

"नको," ती म्हणाली. "तिला कळलं आणि तरी ती आली नाही, तर मला ते सोसायचं नाही. कळलंच नाही म्हणून आली नाही, असं म्हणत मी राहीन. शपथ आहे, वहिनी."

मला तिचा राग आला, सासूबाईंचा आला, आणि परत येताना रिक्षात रडूही आलं. तिसरा महिना संपायला दहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. शिंगवाला राजपुत्र नायिकेला धुक्याच्या नदीपलीकडे आपल्या राज्यात घेऊन गेला होता. सासूबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "पोरीची आई कुटं हाय गं? इतके दिस झालं, आईचं नाव न्हाय."

खरं उत्तर सोपं होतं. या पुस्तकांत नायिकेची आई पहिल्या पानाच्या आधीच वारलेली असते. जिवंत ठेवली तर ती पोरीला शिंगवाल्याबरोबर जाऊच देणार नाही आणि पुस्तक चौथ्या पानावर संपेल. पण मी म्हणाले, "आहे की. नदीच्या अलीकडं राहते. उखळात शेंगाची चटणी कुटत बसलेली असते."

"मग जाईना का पोरीकडं?"

"रागावलीय. मुलगी न विचारता गेली म्हणून."

"आन् पोरगी?"

"पोरगी पोटुशी आहे."

सासूबाईंचा हात थांबला. "कितवा?"

"तिसरा."

पुस्तकात ती त्या वेळी तलवार घेऊन किल्ल्याच्या भिंतीवर उभी होती, पण ते राहू दे.

"आईला सांगावा धाडला का कुणी?"

"नाही. आई येणार नाही असं वाटतं तिला."

"पुढं?"

"पुढचा भाग अजून आला नाही, आत्या."

तव्यावरची भाकरी करपली. या वेळी माझ्या हातात पुस्तक नव्हतं.

सोमवार गेला, मंगळवार, बुधवार गेला. सासूबाई नेहमीसारख्या पूजा करत होत्या, मालिका बघत होत्या. मला वाटलं, गोष्ट गोष्टीच्या जागी राहिली. गुरुवारी ऑफिसातून आले तर दाराला कुलूप. किल्ली शेजारी होती. शेजारीण म्हणाली, "आत्या रिक्षानं गेल्यात की, दुपारीच. हातात लई मोठी पिशवी हुती." घरात बघितलं तर कडक भाकरीचा डबा अर्धा रिकामा, चटणीची बरणी गायब, आणि कपाटातला हिरवा खण नव्हता. मी स्वयंपाकघरात खाली बसले.

दिवेलागणीला त्या परत आल्या. चपला काढल्या, पाय धुतले, पाणी प्याल्या.

"तिची सासू मराठी बोलती," त्या म्हणाल्या. "भाकरी आवडली तिला. जावई पाया पडला तवा डोक्यावर हात ठिवला. शिंगं न्हाईत."

"आणि ती?"

"वाळलीया. रडली लई." तांब्या जागेवर ठेवत म्हणाल्या, "मी पण."

मग त्यांनी रिकामी बरणी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "त्या पुस्तकात आई न्हवतीच, व्हय ना?"

खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. "नव्हती. कसं ओळखलंत?"

"दोन वरसं ऐकतीया. आजपातूर त्या राज्यात कुणी घासभर जेवलं न्हाय. आन् रविवारी एकदम शेंगाची चटणी."

त्या आत जायला वळल्या आणि दारात थांबल्या.

"येत्या रविवारी तीच सांग. आईवाली. खरी राहू दे तुझ्यापाशी. आन् दिवं जरा कमी मालव, पोटुशी हाय ती."